दगडफुलाचे मोजे

पार्सल येऊन तीन दिवस झाले होते आणि मार्सलीने ते अजून उघडलं नव्हतं. चुलीशेजारच्या बाकावर ते पडून होतं, पुठ्ठ्याचं, दोरीने बांधलेलं, कॅनडाची तिकिटं डकवलेलं. ती त्याच्या बाजूने झाडत होती, त्याच्यावरून हात लांब करून किटली उचलत होती, पण त्याला शिवत नव्हती. एकसष्ट वर्षांची बाई, एकटीने मेंढ्या राखणारी, वादळात छप्पर स्वतः दोरांनी बांधणारी, आणि एका खोक्याला घाबरून बसली होती.

आत काय आहे ते तिला ठाऊक होतं. पोस्टाच्या गाडीवाल्याने खोकं हातात दिलं तेव्हाच वास आला होता.

दगडफुलाचा वास. हॅरिस बेटावर त्याला क्रॉटल म्हणतात. उघड्या कातळांवर जे राखाडी पापुद्रे चढतात तेच, आपल्या मसाल्याच्या डब्यात असतं त्याचं भावंड म्हणा. इथे ते मसाल्यात पडत नाही, लोकरीत पडतं. ऑगस्टात चमच्याने खरवडायचं, तिपायी काळ्या हंड्यात लोकरीचा एक थर आणि त्याचा एक थर असं रचायचं, आणि दिवसभर ओढ्याकाठी उकळत ठेवायचं. त्या मेल्या राखाडी पापुद्र्यांतून विटेसारखा तांबडा रंग कुठून उतरतो देव जाणे. रंग जात नाही, वास तर मुळीच जात नाही, आणि कसर म्हणाल तर त्या कपड्याच्या आसपास फिरकत नाही.

घागरे, कोट, घोंगड्या, सगळं या रंगात चालतं. फक्त समुद्रावर जाणाऱ्या माणसाच्या अंगावर त्याचा धागासुद्धा चालत नाही. दगडफूल दगडाचं. त्याला आपल्या दगडाकडे परत जायचं असतं आणि जाताना ते अंगातल्या माणसाला घेऊन तळाशी जातं. हे तिथे कुणी कुणाला शिकवत नाही. पाळण्यातल्या पोरालाही ते माहीत असतं म्हणा ना.

आणि या खोक्यात मोजे होते. त्रेचाळीस वर्षांपूर्वी तिचा भाऊ टॉर्किल याच दारात उभा राहून म्हणाला होता, "ज्या दिवशी हे मोजे परत येतील, त्या दिवशी समजा, या घराशी माझं नातं संपलं."

टॉर्किल फेब्रुवारीत वारला. त्याच्या मुलीने कळवलं होतं. मार्सली रडली, चर्चमध्ये प्रार्थना झाली, शेजाऱ्यांनी येऊन चहा प्यायला. त्या दुःखातही तिला एक समाधान होतं: मोजे आले नव्हते. आणि आता ऑगस्टात हे खोकं. मेल्यानंतर का होईना, त्याने शब्द खरा केला होता.

"अजून तसंच?" शोनाक दारातूनच म्हणाली. शोनाक पलीकडच्या घरातली, शाळेपासूनची मैत्रीण, हातात अंड्यांची टोपली. "बये, बॉम्ब नाहीये त्यात."

"मला वेळ नाही झाला."

"वेळ नाही झाला? काल दुपारभर खिडकीत बसून मेंढ्या मोजत होतीस. सातच तर आहेत."

"तुला काय करायचंय गं? अंडी ठेव आणि जा."

"चहा पिऊन जाणार," शोनाक म्हणाली आणि पार्सल जरा बाजूला सरकवून त्याच बाकावर ऐसपैस बसली. मार्सलीने किटली चुलीवर ठेवली. तिला वाटलं, हिला सांगून टाकावं. पण त्रेचाळीस वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते चहाच्या कपाबरोबर कसं सांगणार?

तेव्हा ती अठरा वर्षांची होती. वडील ती बारा वर्षांची असताना समुद्रात गेले. बोट मिळाली, माणसं नाही. आई बेहाक, टॉर्किल आणि ती, एवढंच घर. टॉर्किल एकोणीस वर्षांचा, उंच, हसरा, आणि डोक्यात एकच खूळ: फेराखरच्या बोटीवर हेरिंग मासे धरायला जायचं. फेराखर म्हणजे गावातला सगळ्यात जुना तांडेल. त्याने होकार दिला होता. सोमवारी पहाटे बोट सुटणार होती.

आईने दोन दिवस तोंडातून शब्द काढला नाही. मग एकदा म्हणाली, "मी रडून घेतलं. आता जाऊ दे त्याला." आणि पांढऱ्या लोकरीचे चार जोड मोजे विणून, धुऊन त्याच्या सामानाच्या पेटीत ठेवले. आईचं झालं रडून. मार्सलीचं कुठे झालं होतं? टॉर्किल नसलेलं घर तिला डोळ्यांसमोर आणताच येत नव्हतं. संध्याकाळी कोण नकला करून हसवणार? पाद्र्याची नक्कल तर तो अशी करायचा की आईसुद्धा तोंडाला ॲप्रन लावायची.

शनिवारी आई डोंगरापलीकडे आजारी मावशीला बघायला गेली. टॉर्किल दिवसभर पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, विटा वाहून आणायला गेला, आईला हिवाळ्यात जळण कमी पडू नये म्हणून. मार्सलीने पडवीतलं दगडफुलाचं पोतं काढलं, ओढ्याकाठी हंडा चढवला आणि चारही जोड आत घातले.

शनिवारच का, ते हॅरिसच्या माणसाला सांगावं लागत नाही. रविवार हा देवाचा वार. त्या दिवशी पाणी भरायचं नाही, सुई हातात धरायची नाही, दोरीवर कपडा दिसायचा नाही. रविवारी कोंबड्यालाही टोपलीखाली कोंडणारी ही माणसं. शनिवारी संध्याकाळी मोजे तांबडे निघाले की सोमवार पहाटेपर्यंत नवे विणायची सोयच नाही. शेजारी मागायला जायचीही नाही. पोरीने बरोब्बर हिशेब केला होता.

फक्त एक गोष्ट तिच्या हिशेबात नव्हती. लोकर रंगवताना लडीला दोरी बांधतात, हंड्यात गुंता होऊ नये म्हणून. आई लहानपणापासून कानीकपाळी ओरडायची, "गाठ सैल बांध गं मार्सली. घट्ट आवळलीस की आत रंग शिरत नाही." पण मार्सलीचा हातच आवळता. तिच्या प्रत्येक लडीवर गाठीच्या जागी पांढरं कडं राहायचं. गावातल्या पोरी चिडवायच्या, मार्सलीच्या मेंढ्यांना जन्मजात बांगड्या असतात म्हणून. त्या दिवशीही तिने जोड्या घोट्यापाशी बांधल्या, करकचून. चार जोड, आठ पांढरी कडी.

आई संध्याकाळी परतली. दोरीवर पाहिलं, हंड्याकडे पाहिलं, मग सूर्याकडे. मार्सली मार खायच्या तयारीने उभी होती. आई एवढंच म्हणाली, "आत आण ते. उद्या रविवार आहे." मग स्वतः ओढ्यावर हंडा रिकामा करायला गेली. तिला यायला पुष्कळ वेळ लागला. आली तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत तांबडे होते.

मोजे परत पेटीत गेले. घराला दगडफुलाचा वास नेहमीचाच, त्यामुळे रविवारी टॉर्किलला काही कळलं नाही. सोमवारी पहाटे त्याने पेटी उघडली. मोजे हातात घेऊन तो स्वयंपाकघरात आला. चेहरा पांढराफटक.

"कुणी केलं हे?"

मार्सलीचे हात ॲप्रनखाली होते. तिने तोंड उघडलं. त्याआधी आईने आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले, तळवे वर करून. "मी," ती म्हणाली. "मार्सली, जा, गाईला पाणी दाखव."

आणि मार्सली गेली. गाईला तहान नव्हती. तरी ती गोठ्यात उभी राहिली, आतून टॉर्किलचा आवाज ऐकत. आईचा आवाज तिला एकदाही ऐकू आला नाही. या एका गोष्टीसाठी तिने स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि खरं सांगायचं तर करायलाही नको होतं.

टॉर्किल हट्टी. मोज्यांशिवायच बूट चढवले, मोजे फेकून द्यायला पिशवीत कोंबले आणि ती खांद्यावर टाकून धक्क्यावर गेला. पिशवीतले कपडेही त्याच पेटीतले, वास मुरलेले. फेराखरने चार हातांवरूनच नाक वर केलं.

"पोरा, काय आणलंस?"

टॉर्किलने पिशवीतून मोजे ओढून काढले. "हे बघा. घालणार नाही मी. इथेच पाण्यात फेकतो."

"पाण्यात?" फेराखर दोन पावलं मागे सरला. "माझ्या बोटीखाली? अक्कल गहाण टाकलीस का रे?" मग जरा हळू म्हणाला, "माझं काही नाही पोरा. पण मागे सहाजण उभे आहेत आणि त्यांना बायकापोरं आहेत. पुढच्या साली ये."

बोट गेली. निरोप द्यायला आलेलं सगळं गाव बघत होतं, आणि टॉर्किल धक्क्यावर उभा, दोन्ही हातांत तांबडे मोजे लोंबत. एकजण फिसकन हसला. बस, तेवढं हसणं पुरे झालं.

पंधरा दिवसांत तो ग्लासगोला गेला आणि तिथून कॅनडाच्या जहाजावर चढला. हेरिंगच्या मोसमात तीन महिन्यांनी परत आला असता असा भाऊ, तो कायमचा गेला. निघताना चारही जोड पेटीत भरले आणि दारात ते वाक्य बोलला. आई त्याच्या तोंडावरून हात फिरवायला गेली, तर त्याने मान बाजूला घेतली.

फेराखरची बोट नोव्हेंबरात परत आली, भरभरून. पुढच्या वर्षीही आली. मार्सली धक्क्यावर जाऊन वाट बघायची. कसली, ते ती देवालासुद्धा सांगायला धजली नसती. बोट एकदा बुडावी, म्हणजे आपण केलं ते बरोबर होतं असं म्हणता येईल. सहा घरांतली माणसं बुडावीत अशी इच्छा धरणारी पोर ती. बोट कधी बुडाली नाही. फेराखर म्हातारा होऊन बिछान्यात मेला.

टॉर्किलची पत्रं यायची, वर्षाला दोन, आईच्या नावाने. गहू कसा आला, गुरं किती, बर्फ किती. शेवटी एक ओळ: मार्सलीला विचारल्याचं सांग. मोज्यांचा शब्द नाही. त्याला मुलगी झाली तेव्हा त्याने तिचं नाव बेहाक ठेवलं. आईने ते पत्र वर्षभर ॲप्रनच्या खिशात बाळगलं. मार्सलीला वाटलं, चला, आईला माफ केलं त्याने. जे आईने केलंच नव्हतं त्याबद्दल.

कितीदा तरी तिने आईपाशी विषय काढायचं ठरवलं. आई लगेच काहीतरी काम सांगायची. मग एका हिवाळ्यात आईच गेली, आणि विषय काढायला कुणी उरलं नाही.

पुढे कधीतरी विद्यापीठातला एक माणूस बाटल्या घेऊन आला होता, दगडफूल गोळा करत. त्यानेच सांगितलं, की दगडफूल म्हणजे निम्मी बुरशी आणि निम्मं शेवाळ, एकमेकांना धरून राहिलेलं. ऊन-पाऊस सोसायला, किडे खाऊ नयेत म्हणून, ती बुरशी स्वतःपुरतं एक आंबट काहीतरी तयार करते. तोच हा रंग, आणि कसर लागत नाही तीही त्यानेच. वाढायचं म्हणाल तर वर्षाला केसभर. "तुम्ही चमच्याने जेवढं खरवडता ना बाई, तेवढं भरून यायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात." मार्सलीने त्याला स्कोन खायला दिले आणि मनात म्हटलं, सांगतोस कुणाला.

"कुठे हरवलीस?" शोनाक म्हणाली. "चहाचा काढा झाला."

मार्सलीने कप भरले. चहा बशीत सांडला. शोनाकने ते पाहिलं आणि फळीवरची सुरी काढली.

"मी कापते दोरी. तू बघू नको हवं तर."

"नको."

"मग तू काप."

"मला नाही जमायचं, शोनाक."

"हेच म्हणते मी," शोनाक म्हणाली आणि दोरी कापली.

झाकण उघडलं आणि खोलीभर वास पसरला. पीटचा धूर, ओली लोकर, ऑगस्टातला ओढा, आईचा ॲप्रन, सगळं एकदम. मार्सली खुर्चीवर बसली. आत टॉर्किलचे मोजे होते, एकच जोड.

ते मोजे तरी कसे म्हणायचे. टाचेला राखाडी रफू, चवड्याला निळं, तळव्याला हिरवं, त्या हिरव्यावर पुन्हा काळं. मूळची लोकर घोट्याच्या वरच काय ती उरली होती, तांबडी, परवा हंड्यातून काढल्यासारखी. आणि घोट्यापाशी पांढरं कडं. दोन मोज्यांवर दोन.

"हे तर घालून घालून झिजवलेत," मार्सली म्हणाली. ती पुन्हा पुन्हा रफू चाचपत होती. रागाने पेटीच्या तळाशी टाकलेली वस्तू अशी दिसत नाही.

खाली पत्र होतं. मार्सलीला चष्मा सापडेना, म्हणून शोनाकने वाचलं. टॉर्किलच्या मुलीने, धाकट्या बेहाकने लिहिलेलं.

"'आत्या, बाबांकडे असे चार जोड होते. तीन विरून गेले. हा शेवटचा. दर हिवाळ्यात ते हेच घालायचे, आणि भोक पडलं की स्वतः रफू करायचे, माझ्या आईला हात लावू द्यायचे नाहीत. मी विचारायचे, इतके जुने कशाला? तर म्हणायचे, माझ्या बहिणीने रंगवलेत.'"

शोनाकने पत्रावरून मान वर केली.

"बहिणीने?" मार्सली म्हणाली.

"बहिणीने असंच लिहिलंय. 'ते म्हणायचे, मला धक्क्यावरच कळलं. आईने रंगवले असते तर हे कडं राहिलं नसतं. पण आईने हात पुढे केले होते, तिचं खोटं मी कसं मोडणार? निघताना रागाच्या भरात एक वाक्य बोलून बसलो, आणि मग मोजे परत पाठवायची सोयच राहिली नाही, म्हणून घालत बसलो. आणि बाबा मला हट्टाने सांगून गेले, की मोजे मी मेल्यावर पाठव, मेलेल्या माणसाला ते वाक्य लागू नाही.'"

मार्सलीला हुंदका आला. तो दाबायचा तिने प्रयत्नही केला नाही. चांगलं रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "शोनाक, ते मी केलं होतं. आईने नाही. मी बुडवले मोजे."

"माहीत आहे," शोनाक म्हणाली.

"आत्ता वाचलंस म्हणून?"

"आत्ता कशाला? त्या सोमवारी मी धक्क्यावर नव्हते का? पोरगं दोन्ही हातांत मोजे धरून उभं, आणि आठही मोज्यांना बांगड्या. तुझी गाठ गावात कोण ओळखत नव्हतं गं?"

"म्हणजे सगळ्यांना?"

"फेराखरला, पाद्रीबाबांना, दुकानवाल्याला. सगळ्यांना."

"आणि मला त्रेचाळीस वर्षांत एक शब्द कुणी बोललं नाही?" मार्सलीला आता राग येऊ लागला होता. "मी इथे जिवाला खात बसले, आणि तुम्ही मेल्यांनो चहा पिऊन जात होतात?"

शोनाकने कप खाली ठेवला. "तुझ्या आईने शपथ घातली होती. त्याच दिवशी संध्याकाळी ती घरोघर फिरली, ते तांबडे हात घेऊन. आमच्याकडे आली तेव्हा मी चुलीपाशीच होते. माझ्या आईला म्हणाली, माझा मुलगा तर आता जाणारच, तो थांबत नाही. पोरगी इथे राहायची आहे, तुमच्यात. तिला जन्मभर कुणी याच्यावरून बोलता कामा नये. मी केलं असंच म्हणा." तिने सुरी परत फळीवर ठेवली. "गावाने कधी एवढ्या वर्षांत दुसरी कुठली गोष्ट पोटात ठेवली असेल असं मला नाही वाटत."

मार्सलीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हंडा रिकामा करायला आईला एवढा वेळ का लागला होता, ते तिला आत्ता कळलं. रंग लोकरीवर चढायला वेळ लागतो, तसा हातांवर चढायलाही लागतो. ओढ्याकाठी बसून, गरम पाण्यात कोपरापर्यंत हात घालून, आई वाट बघत बसली होती.

"पत्र संपलं?" तिने विचारलं.

"मागे दोन ओळी आहेत." शोनाकने कागद उलटा केला. "'बाबांनी जायच्या आदल्या दिवशी जोड स्वतः बांधून ठेवला, आणि म्हणाले, असाच्या असा पाठव. आणि आत्याला सांग, गाठ सैल बांधायची असते.'"

तेव्हा कुठे मार्सलीने पाहिलं. दोन्ही मोजे घोट्यापाशी एका पांढऱ्या धाग्याने एकत्र बांधलेले होते, त्याच कड्यावर. तिने बोट लावलं आणि गाठ सुटली. इतकी सैल बांधली होती.

तिने मोजे मांडीवर घेतले, धागा पुन्हा त्यांच्याभोवती फिरवला आणि गाठ मारली. ती घट्ट बसली. तिने ती सोडवली आणि परत मारली.

"चहा गार झाला तुझा," शोनाक म्हणाली.

"होऊ दे," मार्सली म्हणाली आणि तिसऱ्यांदा गाठ बांधायला लागली.